शिडाच्या होड्यांचा निवांत मेळावा कोल्हापुरातनं कसा जमवायचा, इस्कटून सांगतो

कोल्हापुरात बसून समुद्राच्या गप्पा कशाला मारायलाय असं कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. १८१२ च्या तहात इंग्रजांनी मालवण आणि सिंधुदुर्ग घेतला तो कोल्हापूर दरबाराकडनंच घेतला. त्याच्या आधी १७६५ ला एकदा जिंकून त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलेलं, पण तेव्हा किल्ला परत कोल्हापूरकडं आला. म्हंजे आपलं राज्य घाट उतरून बंदरापर्यंत होतं, आरमारही होतं. आता आपला समुद्राशी संबंध उरलाय तो बनाना राईड आणि सुरमई थाळीपुरता. तो जरा वाढवायचा असेल, आपल्या तालमीच्या किंवा कॉलेजच्या ग्रुपला काहीतरी वेगळं करायचं असेल, तर हे वाचा.

मेळावा म्हंजे काय तर पाच-दहा जुन्या पद्धतीच्या होड्या एका खाडीत जमवायच्या, मोटर वर उचलून ठेवायची, शीड लावायचं, वाऱ्यावर हिंडायचं, किनाऱ्यावर बसून खायचं, ज्यांना येतंय त्यांनी ज्यांना येत नाही त्यांना दोर धरायला शिकवायचं आणि अंधार पडायच्या आत होड्या बांधायच्या. फ्रान्समध्ये दुआर्नने गावात १९८६ ला असा मेळावा भरला, ब्रेस्ट बंदरात १९९२ ला, आणि ब्रेस्टचा अजून दर चार वर्षांनी भरतो, जगभरनं जहाजं येतात. आपल्याला एवढं काय करायचं नाही. सहा होड्या मिळाल्या तरी पुष्कळ झालं.

शर्यत लावायची नाही

ही सगळ्यात अवघड अट आहे, कारण आपल्याला शर्यतीशिवाय करमत नाही. पाडव्याला म्हशी पळवतो, बैलगाड्या पळवतो, कृष्णेत वल्ह्याच्या होड्यांच्या शर्यती लागतात त्या बघायला गर्दी करतो. त्यामुळं मीटिंगमध्ये तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी म्हणणार की पहिल्या नंबरला ढाल ठेवूया, माझ्या ओळखीचे एक नेते आहेत ते देतील. तिथंच नाही म्हणायचं.

कारण नुसतं निवांतपणाचं नाही, होडीच्या बनावटीचंच आहे. आपल्या कोकणातलं जुनं शीड त्रिकोणी असतं आणि ते एका लांब तिरप्या बांबूला बांधलेलं असतं, तो बांबू डोलकाठीपेक्षाही लांब असू शकतो. वाऱ्याच्या तोंडावर सरळ कुठलीच शिडाची होडी जात नाही, तिला तिरकं तिरकं जावं लागतं आणि मधनंमधनं बाजू बदलावी लागते. आत्ताच्या रेसिंग बोटी नाळ, म्हंजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्यातनं फिरवून झटक्यात बाजू बदलतात. त्रिकोणी शिडाच्या होडीला ते जमत नाही, म्हंजे जमतं पण नीट नाही, ती बहुतेक वेळा पाठीवर वारा घेऊन मोठा वळसा मारते आणि त्या वळशात दोन-तीन जण मिळून तो अख्खा बांबू डोलकाठीच्या पुढनं उभा करून दुसऱ्या बाजूला नेतात. लांब जू असलेली बैलगाडी बोळात वळवून बघा, तसली जागा लागते. आता एका बोयाभोवती, म्हंजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेभोवती, आठ होड्या एकदम असा वळसा मारायला लागल्या तर काय होईल ते सांगायला नको. बांबू डोक्यात बसतो. त्यात बक्षीस असलं की वारा वाढला तरी कुणी शीड उतरवत नाही.

तर ढाल नाही, नंबर नाही. द्यायचंच असेल तर प्रत्येक होडीला सारखंच काहीतरी द्या, आपल्याकडनं गुळाची एक-एक ढेप. कोल्हापुरी गुळाला जीआय म्हंजे भौगोलिक मानांकन आहे, कोकणात आवडीनं घेतात, आणि कपाटात धूळ खात पडत नाही.

जागा

मालवण सगळ्यांच्या तोंडात पहिलं येतं पण मेळाव्याला मी मालवण घेणार नाही. एक तर गर्दी, वॉटरस्पोर्ट्सच्या स्पीडबोटी सगळीकडनं सुसाट, त्यात आपली शिडाची होडी रस्त्यात. दुसरं म्हंजे तिथं पाण्याखाली खडक आणि प्रवाळ आहे, १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे, आणि आपल्यासारख्या हौशी लोकांनी कुठंही नांगर टाकत फिरणं बरं नाही.

माझं मत विजयदुर्ग. कोल्हापुरातनं गगनबावडा, वैभववाडी, तळेरे आणि मग विजयदुर्ग, साधारण १४० किलोमीटर, घाट धरून चार तास. वाघोटण खाडीच्या तोंडाशी किल्ला आहे, त्याच्या आडोशाला बंदर, पाणी खोल, आणि वारा बिघडला तर खाडीत आत शिरता येतं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. आंग्र्यांनी इथंच आरमार ठेवलं, १७५६ पर्यंत तुळाजी आंग्रे इथनं दर्यावर हुकमत चालवत होते, त्यांना काय उगीच ही जागा आवडली नव्हती. जवळच गिर्ये-रामेश्वरच्या बाजूला खडक तोडून केलेली मराठ्यांची जुनी गोदी आहे, भरतीला गलबत आत घ्यायचं आणि ओहोटीला पाणी उतरलं की दुरुस्ती करायची अशी सोय. मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांना तिकडं घेऊन जा. देवगडचं बंदरही चांगलं आडोशाचं आहे, तिथं ओळख असेल तर तिथं करा. पण महाशिवरात्रीच्या आसपास कुणकेश्वरची जत्रा असते, त्या दिवसांत देवगडला खोली मिळणार नाही.

तारीख: इथं घाई केली तर सगळं फसतं

आपली पद्धत काय, आधी रविवार बघायचा, मग हॉल बघायचा. इथं रविवार शेवटी बघायचा. आधी वारा, मग पाणी, मग तिथी, मग रविवार.

वारा असा समजून घ्या. पावसाळा संपला की कोकण किनाऱ्यावर दिवसाचं एक चक्र सुरू होतं. रात्री जमीन गार होते, म्हणून पहाटेपासून जमिनीकडनं समुद्राकडं वारा वाहतो, हे मतलई वारे. दहा-अकराच्या सुमाराला ते पडतात, तास-दीड तास पाणी आरशासारखं. मग जमीन तापते आणि बाराएक वाजल्यापासून समुद्राकडनं खारा वारा चालू होतो, आपल्या किनाऱ्यावर तो वायव्येकडनं येतो, तीन-चारच्या सुमाराला जोरात असतो आणि सूर्य बुडाला की मंदावतो. शाळेत भूगोलात हे पाठ केलेलं सगळ्यांनी, पण होडीवाल्यांसाठी हे रोजचं टाईमटेबल होतं, सकाळी मतलईवर बाहेर, दुपारी खाऱ्यावर आत, डिझेलचा रुपाया खर्च नाही. आपल्या मेळाव्याचा कार्यक्रम पण हाच, वेगळा छापायची गरज नाही.

हे चक्र डिसेंबर ते फेब्रुवारी नीट असतं. मार्चनंतर खारा वारा जोर धरतो, नवशिक्यांना झेपत नाही. थंडीतही उत्तरेकडं गारठा वाढला की मध्येच दोन-तीन दिवस उत्तरेचा कडक वारा सुटतो, तेव्हा मेळावा पुढं ढकलायची तयारी ठेवायची.

आता पाणी. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांचा एक हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हंजे तीनला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा. वद्य पक्षात परत एकपासनं मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं, पण तारीख ठरवायला एवढं बास. नक्की वेळ लागली तर सर्व्हे ऑफ इंडियाचं भरती-ओहोटीचं टेबल असतं, शिवाय ॲप आहेत.

हा हिशोब घेऊन बसा आणि बघा. पौर्णिमेला उधाण असतं, भरती सव्वाअकराला. म्हंजे सकाळी तुम्ही बाहेर पडताना पाणी खाडीत आत घुसतंय आणि दुपारी परत येताना पाणी बाहेर पडतंय, दोन्ही वेळा उलट. त्यात दुपारी वारा आत आणि पाणी बाहेर अशी टक्कर खाडीच्या तोंडावर झाली की लाटा आखूड आणि उभ्या होतात, लहान होडीची हालत खराब. तेच पंचमीला बघा, भरती पावणेचारला, त्याच्या आधीची पहाटे तीन-साडेतीनला. पहाटेपासून साडेनऊपर्यंत पाणी बाहेर चाललेलं, आणि तुमचा मतलई वारा पण बाहेरच नेतोय. साडेनऊनंतर पाणी आत यायला लागतं आणि दुपारी खारा वारा पण आतच आणतोय. दोन्ही वेळा वारा आणि पाणी एकाच दिशेनं, वल्हं मारायला नको. पंचमी ते अष्टमी हे चार दिवस असं जमतं, आणि अष्टमीकडं पाणी भांगाचं, म्हंजे कमी चढ-उताराचं, असल्यामुळं खाडीचा ओढ पण कमी.

चतुर्थी पण बसते की गणितात, पण वद्य असेल तर संकष्टी आणि अर्ध्या लोकांचा उपास. विजयदुर्गला जाऊन साबुदाण्याची खिचडी खायची असेल तर माझं काय म्हणणं नाही.

सगळ्यात गोड दिवस म्हंजे वसंत पंचमी. माघ शुद्ध पंचमी, जानेवारीच्या उत्तरार्धात नाहीतर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येते, हवा कोरडी, वारा नियमित, पाण्याचं गणित बरोबर. आदल्या दिवशी गणेश जयंती असते म्हणून गावातली माणसं त्यात असतात, आपण त्या संध्याकाळी पोचायचं, देवाला नमस्कार करायचा, प्रसाद घ्यायचा आणि झोपायचं. त्याच्या पुढच्या तीन दिवसांत शनिवार-रविवार सापडला तर उत्तमच. नाही सापडला तर वद्य पक्षातली पंचमी ते अष्टमी बघा. रविवार पायजे म्हणून भरती हलत नाही.

आणि हो, आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख आधी विचारून घ्या. भराडी देवीची जत्रा ठरलेल्या तिथीला नसते, कौल लावून तारीख निघते, आणि ती निघाली की त्या दिवसांत अख्खा सिंधुदुर्ग आणि अर्धी मुंबई तिकडं असते. तुमचा तांडेल, म्हंजे होडी चालवणारा मुख्य माणूस, तो पण.

माणसं जोडायची ती नारळी पौर्णिमेला

मेळावा माघात असला तरी काम श्रावणात सुरू करा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारीला बंदी असते, ती उठली की होड्या पाण्यात जायच्या तयारीत असतात, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात, मालवणात तर बाजारातनं मानाचा नारळ वाजतगाजत बंदरावर नेतात, आणि सगळीकडं नारळ लढवायचा खेळ चालतो. त्या दिवशी सगळे तांडेल, खलाशी, होडीचे मालक बंदरावर असतात आणि खुशीत असतात. शिडाच्या होडीत बसायचा तो दिवस नाही, समुद्र अजून खवळलेला असतो. बोलायचा आहे.

बोलायचं कसं, तर "आम्ही इव्हेंट करतोय, तुमच्या होड्या पायजेत" असं अजिबात नको. म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचं आणि विचारायचं, तात्या, तुमच्या वेळला शीड कसं होतं? मग तास कसा जातो कळत नाही. सत्तरीच्या पुढच्या माणसांनी शिडावर मासेमारी केलेली असते, त्यांच्या मुलांनी थोडीफार, नातवांनी फक्त मोटर बघितली. शीड सांभाळू शकणारा माणूस प्रत्येक होडीत एक तरी पायजे आणि तो कोल्हापूरचा असणार नाही, हे मनात पक्कं ठेवा. तुम्ही गूगल करून दोर आणि गाठी शिकला असाल, शिका, पण होडीत तांडेल सांगेल तेच. तो म्हणाला "वारो इलो काय जावया", तर वारा येईपर्यंत गप बसायचं.

पैशाचं पण त्याच वेळी स्पष्ट बोला. हंगामात एक दिवस होडी मेळाव्याला आली म्हंजे त्या दिवसाची मासळी गेली, खलाशांचा खाडा झाला. तो खाडा भरून द्यायचा, वर शिडाचा खर्च आपला. चहापाण्यावर भागवायचा विचार असेल तर फोन पण करू नका. मच्छीमार सोसायटीच्या लोकांना पण त्याच दिवशी भेटून घ्या, पुढची निम्मी कामं तेच करून देतात.

होड्या आणि शिडं

लाकडी होडी पायजे, उलांडीची असेल तर फारच भारी, उलांडी म्हंजे बाजूला आडव्या दांड्यांवर बांधलेला तो तरंगता लाकडी ओंडका, त्यानं अरुंद होडी पण उलटत नाही आणि नवशिक्यांना बसवायला ती सगळ्यात सेफ. पण लाकडी होड्या कमी झाल्यात, फायबरच्या जास्त, त्यामुळं सोवळं पाळत बसू नका. फायबरच्या होडीला डोलकाठी रोवायची सोय करता आली आणि तांडेल हो म्हणाला तर ती पण घ्या. गलबत, मचवा, पातेमारी ही मोठी शिडाची तारवं आता चित्रातच बघायची.

डोलकाठी आणि तिरपा बांबू तिथंच मिळतो. सिंधुदुर्गातला माणगा बांबू भरीव असतो, त्याचे दोन तुकडे एकमेकांवर चढवून दोरानं आवळून लांब करतात. हे आपल्याकडनं नेऊ नका, ट्रकवर बांधून घाटातनं नेण्यात काय अर्थ नाही.

शिडाचं कापड मात्र आपलं. इचलकरंजी जवळ असताना दुसरीकडं बघायचं कशाला? जाड सुती ग्रे कापड, मांजरपाटाच्या जातीचं, ब्लीच न केलेलं, ते घ्या. आधी एकदा धुऊन वाळवून घ्या कारण कोरं सुती कापड आटतं, शिवल्यावर आटलं तर शिडाचा आकार गेला. मापं तांडेलकडनं आणायची, ती प्रत्येक होडीची वेगळी. शिवायला साधा टेलर चालत नाही, मंडपवाल्यांचे किंवा ताडपत्रीवाले कारागीर गाठा, त्यांच्या मशीनला जाड शिवण जमते. पट्टे जोडताना शिवण दुहेरी, तिन्ही कोपऱ्यांना तीन-चार पदरी ठिगळ, आणि कडेनं दोर हातानं शिवायचा. हे काम वेळ खातं, दिवाळीच्या आधी कापड द्या म्हंजे मार्गशीर्षापर्यंत शीड हातात येईल. मग एकदा नेऊन होडीवर चढवून बघायचं, पहिल्या वेळी कुठंतरी ओढतंच.

सुती शिडाची एक गंमत सांगतो, वारा अगदी कमी असला की त्याच्यावर पाणी मारायचं, धागा फुगतो, कापडाची भोकं बुजतात आणि वारा जास्त धरतं. जुने लोक हे करायचे. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीचं शीड स्वस्तात होतं, पहिल्या वर्षी एखाद्या होडीला चालवून घ्या, पण त्याला पोट नीट येत नाही आणि फडफड कानाला नको होते.

शिडावर काही छापायचं नाही. मंडळाचं नाव नाही, भाऊंचा फोटो नाही, 'सौजन्य' नाही. कोल्हापुरात चौकाचौकात डिजिटल फलक आहेत तेवढे बास.

परवानग्या

हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाचं स्थानिक बंदर कार्यालय, मत्स्यव्यवसाय खातं, सागरी पोलीस, आणि ग्रामपंचायत, चौघांना लेखी पत्र, होड्यांची आणि माणसांची यादी जोडून, महिनाभर आधी. सोसायटीचा माणूस सोबत असला की पटापट होतं. किल्ल्यावर काही करायचं म्हणू नका, तो पुरातत्त्वचा विषय आहे, वेगळी भानगड.

जीव आधी

लाईफ जॅकेट प्रत्येकाला, अंगात, बक्कल लावून. हे बोलताना मला माहिती आहे की एक तरी पैलवान म्हणणार, मी पंचगंगेला महापुरात पोहलोय. असू दे. रंकाळा, विहीर, नदी वेगळी आणि खाडीच्या तोंडावरचा ओढ वेगळा, तो माणसाला पोहू देत नाही, बाहेर घेऊन जातो. जॅकेट घालत नसेल तर किनाऱ्यावर बसायचं, कितीही मोठा असो.

शिडाच्या दर तीन-चार होड्यांमागं एक मोटरची होडी सोबत, तिच्यात माणसं भरायची नाहीत, ती फक्त मदतीला. एका होडीत तांडेल, दोन खलाशी आणि पाहुणे तीन, फारतर चार. पोरं असतील तर मोठा माणूस सोबत. किल्ला दिसतोय तोपर्यंतच जायचं, त्याच्या पलीकडं नाही. कोस्ट गार्डचा नंबर १५५४, सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह, आणि फोन प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये.

हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा लाटांचा अंदाज आदल्या रात्री आणि पहाटे बघायचा. ॲपपेक्षा डोळ्यांनी कळणारी खूण पण लक्षात ठेवा, पाण्यावर इथंतिथं एखादी लाट पांढरी व्हायला लागली की वारा ताशी बारा-पंधरा किलोमीटरच्या वर गेला, झकास चालायचा वारा. सगळीकडं पांढरंच पांढरं दिसायला लागलं की वीसच्या पुढं, तेव्हा शीड उतरवून आत यायचं, तांडेलला कुणी "अजून एक राऊंड" म्हणायचं नाही.

उलटीचं बघा. ज्याला गगनबावड्याच्या घाटात होते त्याला होडीत होणारच. गोळी निघायच्या अर्धा तास आधी, आल्याची वडी खिशात, नजर लांब क्षितिजावर, मोबाईलच्या स्क्रीनवर नाही. सकाळी मिसळ खाऊन होडीत चढायचं नाही, हे नियमात लिहा. कोल्हापुरी पायताण पण किनाऱ्यावर काढून ठेवा, ओल्या फळीवर घसरतं आणि खाऱ्या पाण्यानं चामडं वाया जातं.

त्या दिवशी

पहाटे साडेसहाला बंदरावर. होड्या आदल्या दिवशीच खोल पाण्यात नांगरून ठेवायला सांगा, कारण सकाळी ओहोटी आहे, वाळूवर ओढून ठेवलेली होडी पाण्यात ढकलण्यातच सगळ्यांचा दम जाईल. लहान होडीनं माणसं नेऊन सोडायची. सात-साडेसातला एकेक करून निघायचं, सगळ्यांनी एकदम नाही, पुढची होडी खाडीच्या तोंडातनं बाहेर पडली की मागची. शीड चढवताना पाहुण्यांना दोर ओढायला द्या, हात भाजतात पण माणूस त्या दिवसाचा होऊन जातो.

दोन-अडीच तास मतलईवर हिंडणं. जवळजवळ चालायचं, एकमेकांशी बोलता येईल इतकं, फोटो काढायचे ते इथं निघतात कारण सूर्य मागं असतो. ड्रोन उडवायचा असेल तर परवानगी वेगळी, आणि शिडाजवळ नको.

साडेदहाच्या सुमाराला वारा पडतो. इथं आपली माणसं चुळबुळ करायला लागतात, मोटर लावूया काय, बोअर व्हायलंय. लावायची नाही. आडोशाला उथळ पाण्यात नांगर टाका, होड्या एकमेकींना बांधा, मध्ये जुनी टायरं अडकवा म्हंजे घासत नाहीत, आणि बसा. मेळावा खरा इथं होतो. या होडीतनं त्या होडीत माणसं जातात, तात्या लोक बोलायला लागतात, कुणी जाळं कसं विणायचं दाखवतं, कुणी गाठी शिकवतं. पोरांना सांगायला एक चांगली गोष्ट आहे, नौदलाची कौंडिण्य नावाची शिडाची नौका, खिळे न ठोकता काथ्याच्या दोरीनं फळ्या शिवून बांधलेली, अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरनं केलेली, मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात आली. लेण्यातलं चित्र, तेही आपल्या महाराष्ट्रातलं, तरंगलं म्हंजे काय ते पोरांना लगेच कळतं. स्पीकर आणायचा नाही. कुणाला गाता येत असेल तर गाऊ द्या, नसेल येत तरी गाऊ द्या.

साडेबारा-एकला पाण्यावर वायव्येकडनं सुरकुत्या दिसायला लागतात, तांडेल उठून उभा राहतो, तेव्हा नांगर उचलायचा. दुपारचं चालणं सकाळपेक्षा जोरात, पाणी पण सोबत, होडी खाडीत शिरताना मजा काय ती तेव्हा. तीन-साडेतीनला भरती जवळजवळ पूर्ण, होड्या थेट किनाऱ्याला लागतात, उतरताना गुडघाभर पाणी पण नाही.

किनाऱ्यावर गाडी घालायची नाही. थार असो नाहीतर ट्रॅक्टर, भरती आली की वाळू ती गिळते आणि मग गावातल्या लोकांनी दोर लावायचा. शिवाय नोव्हेंबर ते मार्च समुद्री कासवं अंडी घालायला कोकणच्या वाळूवर येतात, त्यामुळं रात्री किनाऱ्यावर फ्लडलाईट आणि शेकोटी पण नको.

जेवण

गावातल्या बचत गटाला सांगा आणि ते देतील ते खा. वडे-सागोती, बांगड्याचं तिखलं, सोलकढी, शाकाहारी लोकांना काळ्या वाटाण्याचं सांबार. आपला आचारी घेऊन जाऊन समुद्रकिनारी तांबडा-पांढरा करायचा हट्ट दरवेळी कुणीतरी धरतो. तो रस्सा घरी येऊन खायचाच आहे. दुपारी होडीत मात्र हलकं, तांदळाची भाकरी, सुकी भाजी, केळी, आणि पाणी भरपूर, उन्हात वारा लागल्यामुळं तहान कळत नाही. दारू होडीत नाही, हे तांडेलच्या तोंडून सांगायला लावा, त्याचं ऐकतात.

आवरताना

शिडं गोड्या पाण्यानं धुवायची, पूर्ण वाळवायची आणि मगच घडी. मीठ राहिलं तर कापड दमट राहतं, दमट घडी केली तर बुरशी, पुढच्या वर्षी काळे डाग आणि कापड फाटतं. वाळवायला एक अख्खा दिवस धरा, दोन-चार जण मागं थांबा. वाळल्यावर शिडं कोल्हापूरला आणायची नाहीत, ज्या होडीचं शीड त्या मालकाकडं ठेवायचं. तालमीच्या माळ्यावर ठेवून काय उपयोग, त्यांच्याकडं असलं तर एखाद्या सकाळी ते स्वतःच लावून बघतील.

पैसे त्याच संध्याकाळी, जेवायच्या आधी, प्रत्येक तांडेलच्या हातात, ठरल्याप्रमाणं. "गेल्यावर ऑनलाईन टाकतो" नाही. बचत गटाचे पण लगेच. हिशोबाचा कागद ग्रुपवर टाका आणि उरलं काही तर त्याचं पुढच्या एका शिडाचं कापड घेऊन ठेवा, इचलकरंजीत भाव वर-खाली होत असतो. रात्री घाट चढू नका, थंडीत गगनबावड्याला धुकं उतरतं, मुक्काम करा आणि सकाळी निघा.